ग्रामीण पतपेढ्यांचे जनक रायफायझन

पेरणीच्या हंगामात गावच्या सोसायटीकडून कर्ज काढणारे आपले ज्ञातिबांधव पुष्कळ आहेत. त्या सोसायटीचे मूळ जर्मनीतील एका ग्रामाधिकाऱ्यापाशी आहे. त्याचे अल्पचरित्र आम्ही येथे देत आहोत.

फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी सीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. घरची स्थिती बेताची, त्यामुळे उच्च शिक्षण लाभले नाही. ते लष्करात शिरले. परंतु नेत्रविकारामुळे ती चाकरी सोडून मुलकी खात्यात यावे लागले. १८४५ साली ते वायरबुश व भोवतालच्या खेड्यांचे मेयर झाले. पुढल्याच वर्षी पिके बुडाली. रायफायझन यांनी सधन मंडळींकडून निधी जमविला, भट्टी बांधविली आणि गरिबांस उधारीवर पाव दिला.

दुष्काळ सरला, पण कर्ज सरले नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यातील गायही व्यापाऱ्याचीच असे. म्हणून १८४९ साली फ्लामर्सफेल्ड येथे त्यांनी मंडळ काढून हप्त्यांनी गुरे देण्याची सोय केली. तथापि ही मंडळे श्रीमंतांच्या दयेवर चालत, आणि दयेस लवकरच थकवा येतो. हेडेसडोर्फ येथे तोच अनुभव आला, तेव्हा १८६४ साली त्यांनी रचनाच पालटली. कर्ज ज्यास हवे त्याने सभासद व्हावे आणि सर्वांच्या कर्जास सर्वांनी अमर्याद जबाबदार राहावे, असा नियम झाला. क्षेत्र लहान ठेवावे, नफा वाटून न घेता राखीव निधीत घालावा, हीही त्यांची रीत. कष्टाळू कोण आणि व्यसनी कोण, हे शेजाऱ्याइतके दुसऱ्या कोणास कळणार? जामीनकीची भीती आम्हांसही ठाऊक आहे. परंतु त्या भीतीनेच सभासद परस्परांवर नजर ठेवीत.

पत्नी १८६३ साली निवर्तली होती. दृष्टीही मंदावत गेली. कन्या अमाली त्यांचे डोळे झाली. त्यांचे वाचन-लेखन तीच करी व ती अविवाहित राहिली. या चळवळीच्या इतिहासात तिचे नाव अधिक ठळक असावयास हवे होते, असे आमचे मत आहे. ११ मार्च १८८८ रोजी रायफायझन यांचे देहावसान झाले.

इकडे १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील कुणब्यांनी सावकारांची खते जाळली होती. पुढे मद्रास सरकारने नेमलेले फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील पतपेढ्या अभ्यासून याच पद्धतीची शिफारस केली. १९०४ साली कायदा झाला, आणि १९०५ साली तत्कालीन मुंबई इलाख्यातील गदगजवळच्या कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची पतपेढी उघडली.