बेडकांचे कैवारी हुमायून अब्दुलअली

चरित्र म्हटले म्हणजे ते राजाचे, सेनापतीचे, साधुसंताचे अथवा देशभक्ताचेच असावयाचे, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. ज्या गृहस्थांची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत, ते यांपैकी कोणीच नव्हते. ते मुंबईतील एक व्यापारी. नावलौकिक मिळाला तो पक्ष्यांच्या अभ्यासामुळे. आणि तरीही शहापूर-मुरबाडकडील आम्हां भातखाऊ लोकांनी त्यांचे स्मरण करावयाचे ते बेडकासाठी.

हुमायून अब्दुलअली यांचा जन्म १९ मे १९१४ रोजी जपानातील कोबे शहरी झाला. शिक्षण मात्र मुंबईस झाले. येशूसंघाच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी प्राणिशास्त्र हा विषय घेतला व १९३६ साली त्यात पारितोषिकही मिळविले. परंतु त्यांचा खरा अभ्यास वर्गाबाहेर केव्हाच सुरू झाला होता. १९३१ साली, म्हणजे उण्यापुऱ्या सतराव्या वर्षी, बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे एक लहानसे टिपण छापून आले. विषय काय, तर कावळ्याच्या एका घरट्यात सापडलेली कोकिळेची अकरा अंडी! कोकिळा कावळ्याच्या घरात अंडी घालते, हे आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सर्वांस ठाऊक असते. झाडावर चढून ती मोजावयाचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. हुमायूनसाहेबांच्या मनात आले. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज आम्हांस या एका गोष्टीत दिसते.

सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली हे त्यांचे आप्त. दोघांनी मिळून मुंबई व साष्टी येथील पक्ष्यांवर लेखमाला लिहिली. १९५० च्या दशकात हुमायूनसाहेब सोसायटीचे मानद चिटणीस होते. वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा जो कायदा मुंबई राज्यात १९५१ साली झाला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. पुढे त्यांनी अंदमान-निकोबार बेटांवरील पक्ष्यांचा अभ्यास केला, व सोसायटीच्या संग्रहातील सहस्रावधी पक्ष्यांची सूची वर्षानुवर्षे खपून तयार केली. पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून फावल्या वेळात हे सारे झाले, हे लक्षात ठेविले पाहिजे.

बेडकाशी त्यांचे नाव प्रथम जोडले गेले ते १९५५ साली. महाबळेश्वर येथे मिळालेल्या एका लहानशा, सुरकुतलेल्या कातडीच्या बेडकाची जात शास्त्रास नवीन आहे असे भादुरी व कृपलानी या दोघा शास्त्रज्ञांनी ठरविले, आणि हुमायूनसाहेबांच्या सन्मानार्थ तिचे नाव निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी असे ठेविले. हा बेडूक सह्याद्रीतील ओढ्यांच्या काठी रात्री संचार करितो. मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालते, आणि पिले बाहेर पडताच खालच्या पाण्यात टपकतात.

आमच्या परसातील डबक्यात हा पाहुणा येणार नाही. तेथे येतात ते निराळे, आणि त्यांची ओळख करून घेण्यास कंदील अथवा बॅटरी, एक वही व थोडा धीर एवढी सामग्री पुरते. पाण्यावर डोळे वर काढून तरंगणारा, चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठभागावरून चकतीसारखा टणाटण उड्या घेत जाणारा तो एक. नखाएवढ्या अंगाचा परंतु सारे आवार दणाणून सोडणारा तो दुसरा. याचा आवाज ऐकून मोठ्या बेडकाचा शोध करणारे हमखास फसतात. डबक्यावर झुकलेल्या फांदीस पांढऱ्या फेसाचा गोळा लोंबताना दिसला, तर समजावे की झाडावरील बेडकाने घर केले आहे. खरबरीत कातडीचा व डोळ्यांमागे फुगीर गाठी असलेला भेक तर माणसाच्या सहवासास इतका सरावतो की, ओटीवरील दिव्याखाली किडे टिपावयास रोज सायंकाळी ठरल्या वेळी येऊन बसतो. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात जो हळदीसारखा पिवळाधमक होऊन गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवितो, तो बुलफ्रॉग, म्हणजे आपल्या खाचरांचा राजा. त्याच्या पाठीवरील ठिपक्यांची ठेवण एकाची दुसऱ्यासारखी नसते. वहीत चित्र काढून ठेविले, तर काल भेटलेला तोच आज आला की नाही, हे नक्की सांगता येते.

याच राजावर मोठे संकट ओढवले होते. बेडकाच्या टांगा अमेरिकेत व युरोपात आवडीने खातात. १९५० च्या दशकापासून आपल्या देशातून त्या गोठवून परदेशी पाठविण्याचा धंदा वाढीस लागला, आणि १९८१ साली तर चार हजार टनांहून अधिक माल रवाना झाला. टांगा म्हणजे बेडकाच्या देहाचा अल्पसा भाग. तेव्हा एवढ्या वजनासाठी किती जीव गेले असतील, याचा हिशेब गणिताच्या विद्यार्थ्यांनी करून पाहावा. धरण्याचा हंगाम कोणता, तर पावसाळा. उरलेले वर्ष बेडूक मातीत दडून असतो. पाऊस पडताच वंशवृद्धीसाठी तो उघड्यावर येतो, आणि नेमका तेव्हाच बत्तीच्या झोताने दिपवून त्यास पकडीत. एक मादी गेली म्हणजे तिच्याबरोबर हजारो अंडीही गेली. टांगा तोडताना पुष्कळदा प्राणी जिवंतच असे, हेही लिहिणे भाग आहे.

या धंद्याच्या बाजूने बोलावयास परकीय चलनाचा आधार होता, आणि गरिबांना रात्रीची मजुरी मिळते हाही होता. दुसरा मुद्दा खोटा होता असे आम्हांस म्हणवत नाही. हुमायूनसाहेबांनी वाद घातला तो मात्र दयाधर्माच्या नुसत्या भावनेवर नव्हे. बेडूक काय खातो व तो नसल्यास शेतात काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता. तुडतुडे, टोळ, अळ्या हे तर त्याचे नित्याचे अन्न. शिवाय खेकड्यांची पिलेही तो गिळतो. खेकड्यांनी बांध पोखरला की राब भाजून, आवण खणून, चिखलणी व लावणी करून केलेल्या साऱ्या कष्टांचे पाणी एका रात्रीत कसे वाहून जाते, हे मुरबाडच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. बेडूक विकून मिळालेला पैसा कीटकनाशके घेण्यात जाणार असेल, तर त्यात नफा तो कसला?

१९८५ साली, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात या निर्यातीवर विस्तृत लेख लिहिला. त्याच वर्षी बुलफ्रॉगाचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या यादीत झाला, आणि १९८७ साली भारत सरकारने बेडकांच्या टांगांची निर्यात सर्वस्वी बंद केली. या कामी अनेकांचे हात लागले होते. परंतु त्यांत हुमायूनसाहेबांचा हात मोठा होता, यात शंका नाही.

३ जून २००१ रोजी, मृगाच्या तोंडावर, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाचा तो लहान बेडूक मात्र अजून नवल दाखवीतच आहे. बेडकांत बहुधा नरच ओरडतो. परंतु या जातीची मादीही साद देते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी रात्रीमागून रात्री जागून अभ्यासकांनी ती ऐकली.