प्रयोगशाळेतून ताटापर्यंत

एखाद्या शास्त्राची वाट कशी वळत गेली हे पाहायचे, तर त्यातले शोधनिबंध वर्षांच्या क्रमाने लावावेत. आपल्याकडच्या आहारशास्त्रासाठी डॉ. कमला सोहोनी यांचेच निबंध असे लावले, तरी बरेच उलगडते.

दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीला १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाताई हटल्या नाहीत. प्रवेश मिळवून त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिने अभ्यासली. केंब्रिजला बटाट्यात सायटोक्रोम-सी शोधून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. कुन्नूरला जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये लग्न होऊन त्या मुंबईत आल्या आणि इथल्या विज्ञान संस्थेत विषय थेट गरिबाच्या ताटावर आले: नीरा, ताडगूळ, डाळी.

कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात, हे त्यांच्या निबंधांनी सांगितले. शिजवल्याने हे घटक बरेच कमी होतात. गोरेगावच्या आरे दूध योजनेलाही त्यांचा सल्ला लाभला.

१९९८ मध्ये त्या गेल्या. त्या दिवशी बंगळूरचे दार उघडले नसते, तर निबंधांची ही रांग सुरूच झाली नसती.