मिलिंद : हरायला तयार असलेला राजा

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल असो की वैनगंगेपलीकडची आरमोरी-देसाईगंज असो, आमच्या कोणत्याही बौद्ध वस्तीत हाक मारा, एखादा मिलिंद ओ देतोच. शेजारच्या घरात नागसेनही सापडतो. बारशाला पाळण्यात ठेवलेले हे नाव एका ग्रीक राजाचे आहे आणि ते आमच्यापर्यंत एका वादविवादातून आले आहे, हे किती मिलिंदांना ठाऊक आहे? नाव ठेवणे सोपे असते. नावामागचा माणूस समजून घेणे, हे खरे काम.

या राजाचे ग्रीक नाव मिनांडर. पाली ग्रंथांनी त्याला मिलिंद केले. इ.स.पूर्व 326 मध्ये अलेक्झांडर सिंधूच्या प्रदेशात आला आणि परत फिरला, पण त्याच्यामागून बॅक्ट्रियात ग्रीकांची राज्ये उभी राहिली. त्यांच्यापैकीच हा एक. काळ इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याचा. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथानुसार त्याचा जन्म अलसंद प्रदेशातील कलसी गावचा आणि राजधानी सागल. हे सागल म्हणजे आज पाकिस्तानात असलेले सियालकोट, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत इथल्या लोकांची प्राकृत भाषा. परका राजा प्रजेच्या भाषेत नाणे पाडत होता. इथल्या पंडितांनी मात्र तीच लोकभाषा हलकी ठरवली होती.

ग्रीकांकडून त्याला वारसा मिळाला तो प्रश्न विचारण्याचा. अथेन्सच्या बाजारात लोकांना अडवून सद्गुण म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, असे विचारणारा सॉक्रेटिस पाथरवटाचा मुलगा होता. इ.स.पूर्व 399 मध्ये त्याच अथेन्सच्या न्यायालयाने त्याला विषाचा प्याला दिला. पण ग्रीकांचे सगळेच सोने नव्हते. ॲरिस्टॉटलने काही माणसे जन्मतःच गुलाम असतात असे मांडले आणि हाताने राबणाऱ्याला सद्गुणी नागरिकाच्या पंगतीबाहेर बसवले. चातुर्वर्ण्याचे चटके सोसलेल्या आम्हाला ही भाषा नवी नाही. प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि श्रमाचा तिरस्कार, दोन्ही एकाच संस्कृतीत नांदत होते.

मिलिंद वादपटू होता आणि त्याचा त्याला गर्वही होता. पाचशे यवनांच्या लवाजम्यासह तो श्रमण-ब्राह्मणांकडे जाई आणि प्रश्नांनी त्यांना निरुत्तर करी. आयुपाल नावाच्या भिक्षूंना त्याने विचारले, गृहस्थालाही मार्गफल मिळते, तर मग प्रव्रज्येचा उपयोग काय? आयुपाल गप्प झाले. आपल्याशी वाद करील असा माणूसच जम्बुद्वीपात उरला नाही, असे राजाला वाटू लागले.

मग भदन्त नागसेन भेटले. त्यांनी वादाला बसण्यापूर्वी एक अट घातली. राजा पंडितासारखा वाद करणार असेल तरच ते बोलणार होते, राजासारखा करणार असेल तर नाही. पंडितांच्या वादात गुंता घातला जातो, सोडवला जातो, चूक पदरात घातली जाते आणि कुणी रागावत नाही. राजे मात्र एक मुद्दा मांडतात आणि जो मान्य करणार नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंदाने अट मान्य केली. एवढेच नव्हे, भिक्षूशी, श्रामणेराशी, उपासकाशी किंवा विहारात राबणाऱ्या सेवकाशी बोलावे तितक्या मोकळेपणाने आपल्याशी बोला, अशी त्याने विनंती केली. ॲरिस्टॉटलच्या कुळातला राजा विहाराच्या नोकराच्या शेजारी जाऊन बसला!

नागसेनांनी त्याला शिकवले तेही रोजच्या जगण्यातल्या वस्तूंवरून. रथावरून, दिव्यावरून, दुधावरून, आंब्यावरून. आंब्याचा दाखला मला वकील म्हणून विशेष भावतो. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले आणि बचाव केला की, मालकाने जमिनीत लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. राजाने निकाल दिला, चोर दोषी, कारण हे फळ त्या लागवडीतूनच आले. आत्मा नसला तरी कर्माची जबाबदारी सुटत नाही, हे असे सिद्ध झाले. कुठे मंत्र नाही, चमत्कार नाही. सरळ उलटतपासणी.

मिलिंद हरला आणि हरल्याचा त्याला आनंद झाला. पुढे मुलावर राज्य सोपवून तो अर्हत झाला, असे ग्रंथाच्या शेवटी म्हटले आहे. हा भाग नंतरचा असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ग्रीक लेखक प्लुटार्कच्या नोंदीनुसार तो लष्कराच्या छावणीत मरण पावला आणि त्याच्या अस्थींसाठी नगरे भांडली. शेवटी वाटण्या होऊन प्रत्येकाने स्मारक उभारले. तथागतांच्या अस्थींची वाटणी इथे आठवल्यावाचून राहत नाही. मनुस्मृतीने यवनांना शूद्रत्वाला पोचलेले ठरवले, धम्माने मात्र त्यांना दायक म्हणून सन्मान दिला. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावे आजही वाचता येतात.

बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे 1950 साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून. गुरूचे नाव भूमीला, प्रश्न विचारणाऱ्या शिष्याचे नाव विद्यालयाला! यातला संदेश काय तो आम्ही ओळखला पाहिजे.

आज आमच्या जिल्ह्यांत कोण कोणत्या पद्धतीने वाद करतो? वनहक्क कायदा 2006 चा. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. दावा फेटाळला तर कारणे कळवली पाहिजेत, अपिलाची संधी दिली पाहिजे, असे नियम सांगतात. कारण न देता फाईल बंद करणे हा राजाचा वाद झाला. कारण मागणे, साठ दिवसांत अपील करणे, ग्रामसभेत उभे राहून विचारणे, हा नागसेनांचा मार्ग आहे.

पण बोट फक्त सरकारकडे दाखवून भागणार नाही. आमच्या व्यासपीठांवर काय चालते? नेत्याला प्रश्न विचारला की कार्यकर्ता गद्दार ठरतो आणि महिन्याभरात नवा गट निघतो. रिपब्लिकन चळवळीची शकले मोजायला बोटे पुरत नाहीत. हरायला कुणीच तयार नाही.

16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी आमच्या आजोबा-आजींना धम्म दिला. दरवर्षी आपण तिथे जमतो, नतमस्तक होतो. यंदा तिथे जमणाऱ्या प्रत्येक मिलिंदाने नेत्याला एक तरी प्रश्न विचारावा. आणि नेत्याने तो विहारातल्या सेवकाशेजारी बसून ऐकावा.