तिल्लैयाडी वळ्ळियम्मा : खाणींच्या प्रदेशातील एक बालपण

मराठी वाचकाला तंजावर परिचित आहे ते मुख्यतः भोसले राजवटीमुळे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकोजीराजांनी तेथे सत्ता स्थापन केल्यापासून १८५५ मध्ये ती संपुष्टात येईपर्यंतचा काळ, सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह, राजांनी रचलेली नाटके आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख यांनी तंजावरचे जे चित्र आपल्या मनावर ठसले आहे, ते राजसभेचे व विद्येचे आहे. परंतु याच प्रदेशाचे आणखी एक चित्र आहे. कावेरीच्या खोऱ्यातील सुपीक भातशेती मिरासदारांच्या व देवस्थानांच्या हाती होती; ती कसणाऱ्या हातांना मात्र स्वतःची जमीन नव्हती. गिरण्यांच्या कापडापुढे हातमागाचा धंदाही टिकेनासा झाला. परिणामी एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्यातील सामान्य माणूस पोटासाठी सागर ओलांडू लागला. सिंहल, ब्रह्मदेश, मलाया आणि दक्षिण आफ्रिका येथे जे तमिळ समाज उभे राहिले, त्यांत तंजावर जिल्ह्यातून गेलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा होता. तिल्लैयाडी वळ्ळियम्मा ही या दुसऱ्या तंजावरची कन्या होय.

तिल्लैयाडी हे तरंगंबाडीजवळचे एक लहानसे गाव. तरंगंबाडी म्हणजे डॅनिश व्यापाऱ्यांनी १६२० मध्ये किल्ला बांधलेले बंदर. तिल्लैयाडी तेव्हा तंजावर जिल्ह्यात मोडत असे. पुढे जिल्ह्यांची विभागणी होत होत आज ते मयिलाडुतुरै जिल्ह्यात आले आहे. आर. मुनुस्वामी मुदलियार आणि मंगलम हे वळ्ळियम्माचे आईवडील. या कुटुंबाचे, विशेषतः आईच्या बाजूचे, नाते तिल्लैयाडीशी होते. वळ्ळियम्माचा जन्म मात्र २२ फेब्रुवारी १८९८ रोजी जोहान्सबर्ग येथे झाला. ज्या गावाचे नाव तिच्या नावाला कायमचे जोडले गेले, ते गाव तिच्या जन्मस्थानापासून हजारो मैल दूर होते. तिच्या चरित्राचा अर्थ लावताना या अंतराचा विचार प्रथम करावा लागतो.

जोहान्सबर्ग हे खाणीतून उगवलेले शहर. १८८६ मध्ये तेथे सोन्याचा शोध लागला आणि अल्पावधीत माळरानावर नगर उभे राहिले. या नगराच्या कडेकडेने हिंदी लोकांची वस्ती होती. त्यांतील तमिळ मंडळी बहुतांशी नाताळमधून आलेली होती : कोणी गिरमिटाची पाच वर्षे पुरी करून, कोणी गिरमिटियांच्या पोटी जन्मून. फळे व भाजीपाला यांची फेरी, लहान दुकान, उपाहारगृहातील नोकरी ही त्यांची उपजीविकेची साधने होती. मुनुस्वामी मुदलियारांचेही फळे व भाजीपाल्याचे दुकान होते. मतदानाचा अधिकार नाही, जमीन खरेदी करण्याचा अधिकार नाही, वस्ती ठरवून दिलेल्या भागातच करावयाची, अशा निर्बंधांखाली हा समाज जगत होता. संपत्ती अल्प आणि कायद्याचे संरक्षण त्याहून अल्प असल्यामुळे माणसाला माणसाचाच आधार उरला. जहाजावरचा सहप्रवासी हा नात्यातला ठरे. एकाच तालुक्यातून आलेला तर घरचाच. देशी ज्या जाती एकमेकींपासून अंतर राखून होत्या, त्यांच्यातील अंतर येथे पुसले गेले नसले तरी पुष्कळ कमी झाले. आपत्ती आणि निर्बंध सर्वांना सारखेच होते.

वळ्ळियम्माचे बालपण आणि ट्रान्सवालमधील सत्याग्रहाचा आरंभ यांचा काळ एकच आहे. १९०६ मध्ये हिंदी लोकांवर सक्तीने नोंदणी व बोटांचे ठसे लादणारा कायदा पुढे आला, तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुढील पाच वर्षांत ट्रान्सवालमधील तमिळ समाजाने आपल्या संख्येच्या मानाने तुरुंगात पाठविलेल्या माणसांचे प्रमाण इतर कोणत्याही हिंदी गटाहून अधिक होते. संपन्न व्यापाऱ्यांपैकी अनेकांनी कालांतराने माघार घेतली; फेरीवाले व छोटे दुकानदार मात्र पुनःपुन्हा शिक्षा भोगून आले. मुनुस्वामी मुदलियारही या लढ्यात सत्याग्रही होते. १९०९ मध्ये नागप्पन नावाचा तरुण तुरुंगातील हालांमुळे सुटकेनंतर मरण पावला, तेव्हा वळ्ळियम्मा अकरा वर्षांची होती. १९१० मध्ये तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी जोहान्सबर्गपासून सुमारे एकवीस मैलांवर टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला. तेथे तमिळ मुलांना त्यांची भाषा शिकविण्याचा प्रयत्न गांधीजी आपल्या तुटपुंज्या तमिळच्या बळावर करीत होते. सारांश, ज्या वयात मुली खेळात रमतात त्या वयात या वस्तीतील मुली तुरुंग हा शब्द घरातल्या शब्दांसारखाच ऐकत होत्या. कोणाचा बाप आत गेला, कोणाची चूल कोणी सांभाळली, हा त्यांच्या रोजच्या अनुभवाचा भाग होता.

या समाजाचे दुसरे टोक नाताळच्या उत्तर भागात, कोळशाच्या खाणीत होते. १८६० मध्ये मद्रासहून निघालेले पहिले जहाज दरबानला पोहोचले. तेव्हापासून १९११ मध्ये ही प्रथा बंद होईपर्यंत सुमारे दीड लाख हिंदी मजूर नाताळात नेण्यात आले. त्यांतील बहुसंख्य मद्रास इलाख्यातील होते. आरंभी ते उसाच्या मळ्यांवर राबले. १८९० च्या सुमारास आगगाडी डंडी व न्यूकॅसलपर्यंत आली, खाणी वाढल्या, आणि गिरमिटियांचा एक ओघ तिकडे वळला. पाच वर्षांच्या करारात मजुराला मालक बदलता येत नसे. कामावर न जाणे हा फौजदारी गुन्हा समजला जाई. राहण्याच्या कोठड्या मालकाच्या आवारात, तेथील दिवा व पाणी मालकाच्या मर्जीवर. भातशेतीच्या प्रदेशातून आलेला माणूस भूमीच्या पोटात शिरून कोळसा फोडू लागला. त्याची मुले त्याच आवारात, त्याच धुळीत वाढू लागली.

करार संपल्यावर या मजुराने पुन्हा करार करावा अथवा मायदेशी परतावे, या हेतूने १८९५ च्या कायद्यान्वये त्याच्यावर वार्षिक तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. तो पत्नीवरही होता. पुढे सोळा वर्षांवरील मुलगे व तेरा वर्षांवरील मुलीही त्याच्या कक्षेत आल्या. नवरा, बायको आणि दोन मुले यांचे बारा पौंड होत. मजुराची मासिक कमाई मात्र सुमारे चौदा शिलिंग. वळ्ळियम्माच्या वयाची मुलगी नाताळमधील गिरमिटिया घरात असती, तर तिच्या श्वासावरच कर बसला असता. १९१२ च्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा या कराची कहाणी त्यांनी पीडितांच्या तोंडून ऐकली. प्रिटोरियात मंत्र्यांशी भेट झाल्यावर हा कर रद्द होईल अशी त्यांची समजूत झाली. पुढील वर्षी सरकारने असे वचन दिल्याचे नाकारले. गोखल्यांसारख्या थकलेल्या, आजारी पुढाऱ्याच्या शब्दाचा हा अवमान गिरमिटिया मजुरांनाही आपलाच वाटला.

याच सुमारास, मार्च १९१३ मध्ये, केप प्रांतातील न्यायालयाने दिलेल्या निर्णयामुळे ख्रिस्ती विधीने अथवा सरकारी नोंदणीने न झालेले विवाह कायद्याच्या दृष्टीने निराधार ठरले. आपल्या आईचा विवाह हा विवाहच नव्हे असे ऐकण्याची वेळ हजारो मुलींवर आली. लढा तोवर पुरुषांचा होता. तो आता स्त्रियांच्या उंबरठ्यावर आला. ट्रान्सवालमधील अकरा स्त्रियांची पहिली तुकडी परवान्याशिवाय सीमा ओलांडून नाताळात गेली. त्यांत बहुतेक तमिळ होत्या आणि काहींच्या कडेवर तान्ही मुले होती. न्यूकॅसलच्या खाणींवर जाऊन त्यांनी मजुरांना त्यांच्याच भाषेत तीन पौंडांच्या कराचा अर्थ सांगितला. ऑक्टोबर १९१३ च्या मध्यास खाणींतील काम थांबू लागले. या स्त्रियांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्यामुळे संप शमण्याऐवजी पसरला.

मालकांनी कोठड्यांचे दिवे व पाणी तोडले, तेव्हा मजूर बायकामुलांसह अंगावरच्या कपड्यांनिशी आणि घोंगड्यांनिशी बाहेर पडले. न्यूकॅसलमधील लाझरस या तमिळ ख्रिस्ती गृहस्थांचे लहानसे घर त्यांचे पहिले आश्रयस्थान ठरले. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी ट्रान्सवालची सीमा ओलांडणाऱ्या ताफ्यात २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. प्रत्येकाला दिवसाला दीड पौंड पाव व एक औंस साखर मिळे. या कूचीत दोन मातांची तान्ही बाळे दगावली, एक थंडीने, दुसरे ओढ्यात पडून. तरीही त्या माता चालत राहिल्या. वाटेत शिस्त मोडली नाही की लूटमार झाली नाही. खाणीच्या आवारात वर्षानुवर्षे एकमेकांची भूक, आजार व बाळंतपणे सांभाळलेल्या माणसांना एकत्र चालणे नव्याने शिकावे लागले नाही, हे त्याचे कारण होय.

ट्रान्सवालमधून नाताळात गेलेल्या स्त्रियांच्या दुसऱ्या तुकडीत मंगलम आणि तिची पंधरा वर्षांची मुलगी वळ्ळियम्मा या दोघी होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीस त्या निघाल्या. नाताळमधील निरनिराळ्या ठिकाणी जाऊन संपकऱ्यांना धीर देणे हे या तुकडीचे काम होते. जोहान्सबर्गच्या वस्तीत वाढलेली मुलगी आणि खाणीच्या आवारात वाढलेली मुले यांची भाषा एक होती, दैवते एक होती आणि कुटुंबांची गावेही फार लांबची नव्हती. डिसेंबर १९१३ मध्ये त्यांना अटक होऊन तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मॅरित्झबर्गच्या तुरुंगात करण्यात आली. तुरुंगात गेल्यावर थोड्याच दिवसांत वळ्ळियम्मा तापाने आजारी पडली. तिला मुदतीपूर्वी सोडण्याची तयारी अधिकाऱ्यांनी दाखविली असता तिने ती नाकारली. सुटून आली तेव्हा तिचे उंच शरीर हाडांचा सापळा झाले होते. तिला घोंगडीत गुंडाळून उचलून न्यावे लागले. गांधीजींच्या वृत्तांतानुसार, त्यांनी तिला तुरुंगात गेल्याचा पश्चात्ताप होतो का असे विचारले, तेव्हा पुन्हा पकडल्यास पुन्हा जाण्याची तयारी तिने सांगितली आणि मरणही तुच्छ मानले. २२ फेब्रुवारी १९१४ रोजी, वयाला सोळा वर्षे पुरी होत असतानाच, तिचा मृत्यू झाला. याच लढ्यात तुरुंगात मरण पावलेला हरबतसिंग हा गिरमिटिया सत्तरी ओलांडलेला होता. एकाच समाजाची ही दोन टोके काही आठवड्यांच्या आगेमागे गळून पडावीत, हा योगायोग सूचक आहे.

१९१४ च्या मध्यास संमत झालेल्या कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द झाला आणि हिंदी विवाहांना मान्यता मिळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये, दक्षिण आफ्रिका कायमची सोडण्यापूर्वी, गांधीजी जोहान्सबर्ग येथे नागप्पन व वळ्ळियम्मा यांच्या समाधिशिलांच्या अनावरणास उपस्थित राहिले. १९१५ मध्ये मद्रास इलाख्याच्या दौऱ्यात ते मुद्दाम तिल्लैयाडीसही गेले. त्या गावी १९७१ मध्ये तिच्या नावाचे स्मारक व वाचनालय उभे राहिले आणि २००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिच्या चित्राचे तिकीट काढले.

वळ्ळियम्माने स्वतः लिहिलेले काही उपलब्ध नाही. तिचे चरित्र आपल्यापर्यंत पोहोचले ते दुसऱ्यांच्या लेखणीतून, आणि त्याचा प्रवास भारतीय भाषांच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगा आहे. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास लिहिण्यास गांधीजींनी १९२३ मध्ये पुण्याजवळील येरवड्याच्या तुरुंगात आरंभ केला, तो गुजरातीत. एका तमिळ मुलीच्या मृत्यूची कथा अशा रीतीने महाराष्ट्रातील कारागृहात सुरू झालेल्या गुजराती ग्रंथात नोंदली गेली आणि तेथून देशभर पसरली.

या कथेचा गौरव करताना तिला एकाकी वीरकन्या ठरविण्याचा मोह सहज होतो. तथापि तसे केल्यास तिच्या आयुष्याचा आधारच हरवतो. सोळा वर्षांच्या आयुष्यात तिने जे धैर्य दाखविले, ते तिला फेरीवाल्यांच्या, खाणमजुरांच्या आणि तान्ह्या मुलांसह तुरुंगात गेलेल्या बायकांच्या संगतीत मिळाले होते. तिची आई शिक्षेतही तिच्याबरोबर होती, ही गोष्ट या दृष्टीने पुरेशी बोलकी आहे. तंजावरच्या ज्या माणसांना त्यांच्या भूमीने पोसले नाही, त्यांनी परक्या भूमीवर आपल्या गावाची नाती पुन्हा जोडली. त्या नात्यांच्या बळावर वाढलेल्या मुलीने जाताना आपल्या आईच्या गावाचे नाव इतिहासात ठेवले. राजसभेच्या तंजावरशेजारी या तंजावरलाही आपल्या स्मरणात जागा असली पाहिजे.