कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापुरातील एका कारागिराच्या घरी ३ जून १८९० रोजी बाबूरावांचा जन्म झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. ते व त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे इतके सुरेख रंगवीत, की लोक त्यांना पेंटर म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आपणही असा चित्रपट काढावा, हा ध्यास या बंधूंना लागला. परंतु विलायती कॅमेरा घेण्याइतके द्रव्य जवळ नव्हते. तेव्हा कॅमेरा आपणच घडवावा, असा त्यांनी निश्चय केला. तोच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांचा उजवा हातच गेला. तरी हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. शिष्य दामले यांच्या साहाय्याने खटपट करून १९१८ साली त्यांनी कॅमेरा सिद्ध केला.

पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० साली पुण्यात झळकला. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ मध्ये त्यांनी देवादिकांच्या कथा बाजूस ठेवून कर्जापायी जमीन गमावणाऱ्या गरीब शेतकऱ्याचे दुःख दाखविले. त्यातील तरुण शेतकरी म्हणजे त्यांचे शिष्य शांताराम.

दामले, फत्तेलाल, शांताराम आदी शिष्यांनी १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव निवर्तले. त्यांची विद्या मात्र शिष्यांच्या हातून पुढे चालत राहिली.