एका वर्षाची अट

इ. स. १९३३ मधील गोष्ट. कमला भागवत नावाची एक तरुणी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. रसायनशास्त्र हा तिचा मुख्य विषय होता. पुढे संशोधन करावे, अशी तिची इच्छा होती. त्यासाठी तिने बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. या संस्थेला लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. कमलाचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही तेथेच शिकून रसायनशास्त्रज्ञ झाले होते. आपल्याला प्रवेश मिळणारच, असे तिला वाटत होते.

पण तिचा अर्ज नामंजूर झाला.

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी, १९३० साली, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. एवढा मोठा शास्त्रज्ञ. पण मुलींनी संशोधन करावे हे त्यांना पटत नव्हते. कमलाचे गुण त्यांनी विचारात घेतले नाहीत. ती मुलगी आहे, एवढेच कारण पुरेसे ठरले.

कमलाने हा निर्णय मानला नाही. ते दिवस गांधीजींच्या चळवळीचे होते. सत्याग्रह हा शब्द घरोघरी पोहोचला होता. कमला बंगलोरला गेली आणि रामन यांच्या कार्यालयासमोर तिने सत्याग्रह केला. शेवटी रामन यांना माघार घ्यावी लागली. त्यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले एक वर्ष परीक्षेचे राहील. या काळातील काम संचालकांना पसंत पडले, तरच ते अधिकृत मानले जाईल. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे इतर विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये!

या अटी अपमानकारक होत्या. कमलाला त्याचे दुःख आयुष्यभर राहिले. तरीही तिने त्या मान्य केल्या. ती परत फिरली असती, तर मुलींना हे जमत नाही, असे म्हणायला लोक मोकळे झाले असते.

कमलाचा जन्म इंदूरचा, १९११ सालचा. तिची थोरली बहीण दुर्गा. मराठीतील थोर लेखिका दुर्गा भागवत त्या याच. या दोघी बहिणींना कोणासमोर वाकणे माहीत नव्हते.

बंगलोरला कमलाला श्रीनिवासय्या हे गुरू लाभले. ते शिस्तीचे होते, पण विद्यार्थिनीला मनापासून शिकवीत. त्यांच्या हाताखाली कमलाने दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. आपल्या देशात लाखो लोकांना मांस आणि दूध परवडत नाही. त्यांच्यासाठी डाळी हा प्रथिनांचा महत्त्वाचा स्रोत आहे. म्हणून हा विषय महत्त्वाचा होता. वर्ष संपले. रामन यांनी तिचे काम पाहिले आणि त्यांची खात्री पटली. तिचा प्रवेश कायम झाला. एवढेच नव्हे, तर त्यानंतर इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. १९३६ साली कमला विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाली.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेले हे शास्त्रज्ञ. त्यांच्या प्रयोगशाळेत जागेची फार टंचाई होती. तेव्हा डॉ. डेरेक रिश्टर यांनी आपले एक टेबल दिवसा वापरायला कमलाबाईंना दिले. रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या.

पीएच.डी. ही पदवी इतर पदव्यांपेक्षा वेगळी आहे. इतर परीक्षांत पुस्तकात असलेले उत्तर लिहायचे असते. पीएच.डी.साठी मात्र कोणालाच माहीत नसलेली एखादी गोष्ट शोधून काढावी लागते, आणि ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. कमलाबाईंनी त्यासाठी कोणती वस्तू घेतली? आपला रोजचा बटाटा! सजीवांच्या पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवतात. या कामी सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन उपयोगी पडते. प्राण्यांमध्ये आणि यीस्टसारख्या सूक्ष्मजीवांमध्ये त्याचा अभ्यास झाला होता. वनस्पतींच्या पेशींतही ते असते आणि तेच काम करते, हे कमलाबाईंनी दाखवून दिले. म्हणजे माणूस, यीस्ट आणि बटाटा यांच्या श्वसनाची रीत मुळात एकच! त्यांचा प्रबंध टाइप केलेल्या अवघ्या ४० पानांचा होता. सारे काम त्यांनी १४ महिन्यांत पूर्ण केले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानातील ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या.

मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या प्राध्यापक झाल्या. ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीहून लोकलने व्ही.टी.ला, म्हणजे आताच्या सीएसएमटीला, उतरले की ही संस्था फार लांब नाही. येथे त्यांनी विद्यार्थ्यांसह गरिबांच्या अन्नावर संशोधन केले. ठाणे आणि रायगड भागात भातानंतर शेतात वाल पेरतात. अशा कडधान्यांत पचनाला अडथळा करणारे काही पदार्थ असतात. कमलाबाईंनी त्यांचा तपास केला. कडधान्य भिजवून नीट शिजवले, की हा अडथळा बराच कमी होतो. आपल्या आया-आज्या हे अनुभवाने करीत आल्या. त्यामागचे कारण प्रयोगशाळेत कळले.

त्यांचे दुसरे काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. ताड आणि शिंदी यांच्या झाडांपासून मिळणारा ताजा, गोड रस म्हणजे नीरा. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताच्या पालघरकडे, ही झाडे पुष्कळ आहेत. ऊन चढले, की हवेतील यीस्ट नीरेतील साखर खाऊन तिची ताडी बनवते. म्हणून ती पहाटेच उतरवावी लागते आणि भांडे चुन्याने सारवावे लागते. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते, हे कमलाबाईंनी दाखवले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या, पण ते पद त्यांना चार वर्षे उशिराच मिळाले. त्या स्त्री असल्यामुळे हा उशीर झाला, असे मानले जाते. १९३३ सालची अट वेगळ्या रूपाने पुन्हा समोर आली होती, असेच म्हणावे लागेल.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. अन्नातील भेसळीविरुद्ध त्यांनी ग्राहक संघटनेत काम केले आणि लोकांना समजतील असे लेख लिहिले. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. शास्त्रज्ञांनी भरलेल्या त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.