विश्लेषण : माळावरच्या चंडोलाच्या नावात ‘देव’ कुठून आला?

शिरूर-दौंडच्या माळरानांवर हवेत उंच जाऊन गाणाऱ्या, शेंडीवाल्या छोट्या चंडोलाचे शास्त्रीय नाव ‘गॅलेरिडा देवा’. हे ‘देवा’ ठेवणारे विल्यम हेन्री साइक्स ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी होते.

साइक्स कोण होते?
जन्म १७९०. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले. १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी अधिकारी नेमले. दख्खनची लोकसंख्या, शेती यांची मोजदाद करताना त्यांनी पक्षीही नोंदवले.

नावाचा अर्थ काय?
१८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध करताना त्यांनी याला ‘अलाउडा देवा’ म्हटले. ‘अलाउडा’ म्हणजे लॅटिनमध्ये चंडोल. ‘देवा’ हा आपला ‘देव’. त्याच यादीत एका वटवट्याचे नाव त्यांनी ‘रामा’ ठेवले. पुढे चंडोलाचा समावेश ‘गॅलेरिडा’त झाला. त्याचे मूळ टोपी या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे; शेंडी हीच ती टोपी.

आज महत्त्व काय?
साइक्स कंपनीचे अध्यक्ष, ब्रिटिश खासदार झाले. १८७२ मध्ये वारले. नाव टिकले. मात्र जमिनीवर घरटे करणाऱ्या या पक्ष्याचा माळ सरकारी दप्तरी बहुधा ‘पडीक’ ठरतो. तो नांगरला गेला, तर ‘देवा’ यादीतच उरेल.